अकरा नंबरची भाडेकरीण

मुलुंडला चौदाव्या मजल्यावर माझ्या मालकीचा फ्लॅट आहे आणि त्यात मी एकटा राहतो. माझी बायको तिथून पाच स्टेशनं अलीकडे, घाटकोपरला, आम्ही बारा वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या खोलीत भाड्याने राहते.

आमचं भांडण झालेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो आवाज खाली आणून विचारतो, "काय झालं हो?" आत्ता काही झालेलं नाही. जे व्हायचं ते बारा वर्षांपूर्वी झालं. ते मी केलं आणि नाव मात्र बायकोचं, सुलभाचं सांगितलं. आता मी बहात्तर वर्षांचा आहे. या वयात माणसाने वजन कमी ठेवावं असं डॉक्टर म्हणतात, म्हणून हे मनावरचं आधी उतरवतो.

आमची चाळ पगडीची. म्हणजे इमारत मालकाची, खोलीचा ताबा आपला, आणि दर महिन्याला भाड्याची पावती. माझे वडील गिरणीत होते तेव्हा त्यांनी दुसऱ्या मजल्यावरची अकरा नंबरची खोली घेतली. पगडीच्या घरात माणूस धड मालक नसतो आणि धड भाडेकरूही नसतो. पन्नास वर्षं राहिला तरी दाराला नवा रंग द्यायच्या आधी तो मालकाला विचारतो, आणि मालक 'बघू' म्हणतो. शेजारी बारा नंबरमध्ये गोविंद नाईक आणि त्याची बायको नलूवहिनी. गोविंदा माझा लहानपणापासूनचा मित्र, त्यामुळे माझं जे काही होतं ते त्याचंच आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

मी रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. निवृत्तीला सहा महिने उरले असताना शनिवारच्या पेपराच्या पुरवणीत एक प्रश्नावली आली: 'तुमच्या जीवनशैलीला कोणत्या प्रकारचं घर शोभेल?' आपल्याला जीवनशैली आहे हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. खाली पर्याय होते: मालकीचा फ्लॅट, भाड्याचं घर, गावाकडचा बंगला, ज्येष्ठांची वसाहत. (पगडी हा पर्यायच नव्हता. मला ते फार लागलं.) दहा प्रश्न, प्रत्येकाला तीन उत्तरं. मी चहाचा कप बाजूला ठेवून पेन्सिल घेऊन बसलो.

चौथा प्रश्न होता, 'शेजारी आपल्या घरी किती वेळा यावेत?' (अ) केव्हाही (ब) आधी कळवून (क) शक्यतो येऊ नयेत.

मी 'अ'वर खूण करणार, तेवढ्यात गोविंदा आत आला. आत आला म्हणजे दार उघडंच होतं, ते दिवसभर उघडंच असायचं. त्याने माझ्या कोपराखालून पेपराचं पहिलं पान ओढलं, खिशातली खारी माझ्या चहात बुडवली, आणि पान वाचत वाचत म्हणाला, "अन्या, साखर कमी आहे रे."

मी 'क'वर इतक्या जोरात खूण केली की कागद फाटला.

उरलेली सहा उत्तरं मी त्याच रागात दिली. निकाल पान नऊवर होता: 'आपण स्वतंत्र वृत्तीचे गृहस्थ आहात. आपल्यासाठी मालकी हक्काचा, आधुनिक सुरक्षाव्यवस्था असलेला फ्लॅट उत्तम.' गृहस्थ! मला आयुष्यात कोणी गृहस्थ म्हटलं नव्हतं. कारखान्यात मी 'स्टोअरवाला' होतो, चाळीत 'अन्या'.

सुलभा शिवणयंत्रावर बसली होती. अख्ख्या चाळीचे ब्लाउज ती शिवायची, आणि यंत्र पायाचं. मी तिलाही ती प्रश्नावली वाचून दाखवली. तिने दातांत दोरा धरून, पाय न थांबवता, दहाच्या दहा उत्तरं दिली. तिचा निकाल आला: 'आपण माणसांत रमणाऱ्या आहात. भाड्याच्या घरातही सुखी राहाल.'

"छपाईची चूक असणार," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

पुढचे दोन महिने मी दर रविवारी फ्लॅट बघत हिंडलो. मुलुंडचा हा फ्लॅट बघितला आणि त्याच्या दाराच्या प्रेमात पडलो. खोल्या नंतर बघितल्या. दार जड, सागवानी, आतून तीन कड्या, आणि बाहेर कोण आलंय ते दाखवणारा छोटा पडदा. घंटा वाजली की त्यात चेहरा दिसतो. दार उघडायचं की नाही ते आपण ठरवायचं. (गोविंदाचा चेहरा त्या पडद्यात कसा दिसेल याची मी तिथल्या तिथे कल्पना केली. फार सुख वाटलं.)

सुलभाला हे एका गुरुवारी दुपारी सांगितलं. चाळ झोपलेली असते ती वेळ निवडली. दार लोटून घेतलं, आवाज अगदी खाली ठेवला. ती नाही म्हणाली. मी बरीच कारणं दिली. ती प्रत्येक कारणाला नाही म्हणाली. शेवटी मी एक वाक्य बोललो, त्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ठीक आहे. तुम्हाला जायचंच असेल तर जाऊ." ते वाक्य काय होतं ते पुढे येईल.

आता प्रश्न होता चाळीला काय सांगायचं. गॅलरीच्या टोकाला तात्या परब आपल्या वेताच्या खुर्चीत बसलेले असायचे. चाळीतली सगळ्यांत वडीलधारी व्यक्ती. त्यांना कळवल्याशिवाय आमच्याकडे कुणी गॅसचा नंबरसुद्धा लावत नसे.

"अनंता, जातोस असं ऐकलं."

"मी कशाला जातोय तात्या?" मी म्हणालो. हे इतकं सहज तोंडातून आलं की मलाच आश्चर्य वाटलं. "सुलभाला हवंय. तिला जिने झेपत नाहीत आता. गुडघे गेलेत तिचे."

तात्यांनी गॅलरीतून आमच्या दाराकडे बघितलं. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. धडधड धडधड, एक्स्प्रेस गाडीसारखा.

"गुडघे," तात्या म्हणाले.

"पार गेलेत," मी म्हणालो.

एकदा गुडघे गेले म्हटल्यावर मला ते परत आणता येईनात. संध्याकाळपर्यंत नलूवहिनीने तेल आणून दिलं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरून निर्गुडीचा पाला आला. कोणी पट्टे आणले, कोणी वैद्याचा पत्ता दिला. सुलभा प्रत्येक वेळी वस्तू हातात घ्यायची, माझ्याकडे एकदा बघायची, आणि "बरं वाटेल याने" म्हणायची. त्याच दिवसांत ती पाण्याच्या भरलेल्या दोन बादल्या घेऊन जिना चढताना मी पाहिली. "कुणी बघेल," मी कुजबुजलो. "मग तुम्ही घ्या," ती म्हणाली. पुढचे तीन महिने पाणी मी भरलं. गुडघे माझे गेले.

निघायचा दिवस आला. टेम्पो खाली उभा. मी सुलभाला म्हणालो, चल. तर जिन्याच्या तोंडाशी गोविंदा आणि आणखी तिघे तात्यांची वेताची खुर्ची घेऊन उभे!

"वहिनीला खुर्चीतून उतरवायचं," गोविंदा म्हणाला.

"अरे, कशाला उगाच," मी म्हणालो.

"कशाला म्हणजे? गुडघे गेलेत ना?"

मी सुलभाकडे बघितलं. आता ती हसेल, म्हणेल काहीतरी, आणि माझं बिंग फुटेल. ती पदर खोचून शांतपणे खुर्चीत बसली. चौघांनी खुर्ची उचलली. आमचा जिना लाकडी, अरुंद, आणि मधल्या वळणावर इतका चिंचोळा होतो की तिथून कपाट न्यायचं तर त्याची दारं काढावी लागतात. खुर्ची नेमकी तिथे अडकली. "डावीकडे घे," "अरे माझी डावी की तुझी," "वहिनी, मान खाली," "अन्या, तू बाजूला हो रे, तुझा काही उपयोग नाही." वर सगळ्या बायका, खाली सगळी माणसं, आणि मधोमध सुलभा, दोन भिंतींच्या बेचक्यात, मांडीवर कुंडीतली तुळस घेऊन. तिला तशा अवस्थेत पाच मिनिटं तरी थांबावं लागलं. त्या पाच मिनिटांत तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. ती वर आमच्या दाराकडे बघत होती.

मी खाली जाऊन टेम्पोवाल्याशी भाड्यावरून उगाचच वाद घालू लागलो.

फ्लॅटमध्ये पहिल्याच आठवड्यात कळलं की सुलभाला दार लावता येत नाही. म्हणजे कड्या तिला समजत होत्या, सवय नव्हती. सकाळी ती दार उघडायची आणि तसंच ठेवायची. मग खालून इंटरकॉम वाजायचा: "सर, आपका दरवाजा खुला है." कॅमेऱ्यात दिसायचं ना! दिवसातून तीनदा. शेवटी तिने दार लावलं ते लावलंच. मजल्यावर चार फ्लॅट. एकात कुणी राहत नव्हतं, एकातली माणसं परदेशी, आणि एकातल्या बाई लिफ्टमध्ये फोन कानाला लावून उभ्या असत. फोन बंद असला तरी.

मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. मी नोटिसा लिहू लागलो. लॉबीत चपला ठेवू नयेत. ग्रिलवर कपडे वाळत घालू नयेत. एक नोटीस मी अशीही लावली की लॉबीत उभं राहून मोठ्याने गप्पा मारू नयेत. ती लावून झाल्यावर मी मुद्दाम तासभर लॉबीत उभा राहिलो. कुणीही नियम मोडला नाही. माझी फार निराशा झाली.

त्या छोट्या पडद्यावर चेहरे क्वचित यायचे, तेही पार्सलवाल्यांचे. चाळीतलं कोणी येत नव्हतं. मला कारण माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं: माझ्यामुळे चाळ सुलभाला शिष्ट समजते. तिला चाळ नकोशी झाली, तिने नवऱ्याला ओढून नेलं, असं म्हणत असणार. ती गप्प बसलेली दिसली की मला वाटे, ही त्याचंच दुःख करतेय. कितीदा ठरवलं, जाऊन खरं सांगावं. दर वेळी वाटायचं, पुढच्या महिन्यात. असे बारा वर्षांचे महिने गेले.

तिचं मन रमावं म्हणून तिने दर मंगळवारी वाचनालयात जायला सुरुवात केली तेव्हा मला आनंदच झाला. सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. पुस्तक काही आणत नसे. पिशवीत डबा असायचा आणि डब्यात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण. वाचनालयातून बायको तिसऱ्यांचं कालवण आणते यात बारा वर्षांत मला काहीही वावगं वाटलं नाही. मी म्हणायचो, "आजचं वाचन झकास झालंय."

चार महिन्यांपूर्वी, सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "अहो, मी अकरा नंबर घेतलीय."

"कसला अकरा नंबर?"

"आपली खोली. ज्यांना आपण दिली ते डोंबिवलीला गेले. मालकाला विचारून मला देतायत. अकरा महिन्यांचा करार."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. शिलाईचे पैसे आहेत माझे."

"अगं पण आपला स्वतःचा फ्लॅट आहे!"

"आहे ना," ती म्हणाली. "तो तुम्ही बघा."

मला वाटलं आठ दिवसांत परत येईल. ती रोज संध्याकाळी फोन करायची, जेवलात का विचारायची. मागे इतका गलका असायचा की मला दोनदा "हो" म्हणावं लागे. फोन ठेवला की फ्लॅट एकदम मोठा व्हायचा. पार्सलवाला चुकून आमच्या दाराशी आला तर मी त्याला पाणी विचारायचो, मग गाव विचारायचो, मग तो घड्याळाकडे बघायचा. लिफ्टमधली रेकॉर्डवरची बाई "दरवाजे बंद होत आहेत" म्हणते, तिला मी एकदा "बरं" म्हणालो.

चार महिने विचार करून मी निष्कर्ष काढला. सुलभा चाळीत गेली ती आपलं नाव साफ करायला. जोवर मी चाळीसमोर कबुली देत नाही तोवर ती परत येणार नाही. कबुली दिली की येईल. स्टोअरकीपरचा हिशोब: माल जिथून गहाळ झाला तिथेच नोंद दुरुस्त करायची.

रविवारी सकाळी दहाला मी घाटकोपरला गेलो. गॅलरी भरलेली. बायका विळ्या घेऊन मासे साफ करतायत, तात्या परब खुर्चीत. नव्वदी उलटली तरी तेच, तिथेच. सुलभा नलूवहिनीजवळ बसून कोळंबी सोलत होती. मांडी घालून, जमिनीवर. मला बघून ती म्हणाली, "आलात? बसा."

मी बसलो नाही. खिशातून कागद काढला. भाषणाची सवय नाही, पण सेक्रेटरी म्हणून लिहायचा हात आहे. मी घसा साफ केला आणि वाचू लागलो.

"सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की. विषय: बारा वर्षांपूर्वी चाळ सोडण्याच्या कारणाबाबत. मुद्दा एक. चाळ सोडण्याचा निर्णय सौ. सुलभा राऊळ यांचा नसून तो सर्वस्वी निम्नस्वाक्षरीकार यांचा होता. मुद्दा दोन. सौ. सुलभा राऊळ यांचे गुडघे त्या वेळी व आजही उत्तम स्थितीत असून..."

"कोण मेला काय रे?" तात्यांनी विचारलं.

"नाही तात्या, अनंता नोटीस वाचतोय," गोविंदा म्हणाला.

"...असून, त्याबाबत पसरविण्यात आलेली माहिती खोटी होती. मुद्दा तीन. झालेल्या बदनामीबद्दल..." मी कागद खाली केला. "मी खोटं बोललो. तिला कधीच जायचं नव्हतं. तुम्ही तिला काही बोलू नका."

विळ्यासुद्धा थांबल्या. मग नलूवहिनीने कोळंबीचं डोकं टोपलीत टाकलं आणि म्हणाली, "ता आमका ठावक असा, भावजी."

"काय ठाऊक आहे?"

"सगळा. त्या गुरवारी तुमी दोगा बोलत होतात ना, ता आमी ऐकला. तुमच्या नि आमच्या मधी भिंत खंय हा? फळी ती. आनी ती पण वरपर्यंत नाय."

मी गोविंदाकडे बघितलं. त्याने मान हलवली. "मी टीव्ही बंद केला होता ना. दहा नंबरवाले पण आले होते आमच्याकडे. त्यांच्या बाजूने नीट येत नव्हतं ऐकायला."

"आणि तेल? पाला? पट्टे?"

"तू कुठपर्यंत जातोस ते बघत होतो," गोविंदा म्हणाला. "लेका, दिवसभर पायाचं मशीन चालवणारी बाई. तिचे गुडघे गेले, असं कोणाला सांगतोस?"

"मग तिला खुर्चीतून उतरवलंत कशाला? थट्टा म्हणून?"

नलूवहिनीने सुलभाकडे बघितलं, सुलभा कोळंबी सोलतच राहिली.

"तीच म्हणालेली," नलूवहिनी म्हणाली. "माज्या पायांनी मी हयसून जावची नाय. मग आमी काय करतलो? उचलून न्हेली."

स्वतःच्या पायांनी ती इथून जाणार नव्हती. तात्यांच्या खुर्चीशेजारी एक पाट होता, त्यावर बसलो. बारा वर्षं मला वाटत होतं चाळ तिच्यावर रागावली आहे. चाळीने तिला एक दिवसही सोडलं नव्हतं. मंगळवारी ती इथे यायची, ब्लाउज शिवायची, जेवायची, मला डबा भरून आणायची. फ्लॅटवर कोणी येत नव्हतं ते माझ्यामुळे.

"एक विचारू?" गोविंदा माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. "त्या दिवशी शेवटी तू काहीतरी बोललास आणि वहिनी एकदम गप्प झाली. नेमकी तेव्हाच आमच्या कुकरची शिट्टी झाली. बारा वर्षं आम्ही डोकं खाजवतोय. काय बोललास रे?"

मी सुलभाकडे बघितलं. तिने कोणाला सांगितलं नव्हतं. दर मंगळवारी या बायकांत बसून, बारा वर्षांत, एवढं एक वाक्य तिने सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलं की नोटिशीतले तिन्ही मुद्दे कुणालाच नको होते. हवं होतं ते हे.

"मी म्हणालो," मी म्हणालो, आणि थांबलो, कारण माझं कोपर तात्यांच्या खुर्चीला टेकलं होतं. "मी म्हणालो, सुलू, मला निवृत्त होऊन तात्यांसारखं गॅलरीत बसायचं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारायचं, काय, बसलात? आणि आपण म्हणायचं, हो, बसलोय. मला भीती वाटते त्याची."



"हात्तिच्या," गोविंदा म्हणाला. "आम्हाला वाटलं शिवी दिलीस."

तात्या समोर बघत होते. त्यांना ऐकू गेलं नसेल या आशेवर मी होतो. मग ते म्हणाले, "मला पण नव्हतं बसायचं, अनंता." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तू कामावरून येताना रोज विचारायचास. काय तात्या, बसलात? तू गेल्यापासून विचारणारा एक कमी झाला."

सुलभाने लसणाचे चार गड्डे माझ्यासमोर टाकले. "सोला," ती म्हणाली. "मोठ्याच पाकळ्या बघून घेऊ नका, सगळ्या सोला."

मी सोलले. नखं दुखेपर्यंत सोलले. दुपारी अकरा नंबरमध्ये जेवलो. शिवणयंत्र पूर्वी जिथे असायचं तिथेच होतं, फक्त मी जिथे पेपर वाचायचो तिथे आता कापडाचा ढीग होता. जेवण झाल्यावर मी हळूच विचारलं, "मग येतेस ना घरी?"

"मी घरीच आहे."

"मग मी येऊ का इथे राहायला?"

तिने सुई दोऱ्यात... म्हणजे दोरा सुईत ओवला. "करारात एकाच माणसाचं नाव आहे," ती म्हणाली. "अजून सात महिने आहेत. नवा करताना मालकाला विचारते."

"मालक काय म्हणेल?"

"बघू म्हणेल." मग म्हणाली, "तोवर रोज या. सकाळी या, जेवा, संध्याकाळी जा. तात्यांना पेपर वाचून दाखवायला कोणी नाही."

संध्याकाळी सहाला डबा घेऊन मी मुलुंडला परत आलो. सोसायटीच्या फाटकात नवा वॉचमन होता. त्याने हात आडवा धरला. "कोणाकडे जायचंय काका?"

मी तोंड उघडलं. 'मालक' हा शब्द जिभेवर आला होता. पण हाताला लसणाचा वास, पिशवीत कोळंबीचा डबा, खिशात चुरगळलेली नोटीस. अशा माणसाचं कोणी ऐकलं नसतं. शिवाय नोंदवहीत लिहिल्याशिवाय कोणालाही आत सोडू नये हा नियम मीच केला होता. मी निमूटपणे नाव लिहिलं. 'कोणाकडे' या रकान्यात लिहिलं: राऊळ, चौदाशे दोन.

त्याने इंटरकॉम लावला. वर चौदाव्या मजल्यावर घंटा वाजत असणार. आम्ही दोघांनी बराच वेळ वाट बघितली. मी त्याच्यापेक्षा जास्त.

"कोणी उचलत नाही काका. घरी नाहीयेत ते. काही निरोप द्यायचा का?"

"राहू दे," मी म्हणालो. "तो माणूस कोणाचं ऐकत नाही."